पोत्यातून गेलेलं पाणी

आज मी तुमच्यापुढं एक हिशोब मांडणार आहे. हिशोब अवघड नाही. चौथीतल्या मुलाला गुणाकार-भागाकार येत असेल तर त्यालाही तो करता येईल. पण हा हिशोब ना सोसायटीच्या वहीत सापडतो, ना कारखान्याच्या अहवालात, ना निर्यातीच्या कागदांत. तो कुठंच लिहिलेला नसल्यामुळं गेली सव्वाशे वर्षं आपण एक वस्तू बाहेर पाठवत आलो आणि तिची किंमत मात्र कधी घेतली नाही.

सुरुवात एका साध्या प्रसंगापासून करतो. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या दिवसांत मी सोलापूरकडच्या एका फाट्यावर एस. टी. ची वाट पाहत बसलो होतो. समोरच्या रस्त्यानं साखरेच्या पोत्यांनी भरलेले ट्रक एकामागून एक चालले होते. शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी विचारलं, ‘‘गुरुजी, ही एवढी साखर कुठं जाती वो?’’ मी म्हटलं, ‘‘आबा, काही मुंबईला जाते, काही बंदरावरून परदेशी जाते.’’ इतक्यात पलीकडच्या वस्तीकडं पाण्याचा टँकर वळला. त्याच्या मागं बाया-पोरं घागरी घेऊन धावू लागली. आबा टँकरकडं बघत राहिले आणि जरा वेळानं म्हणाले, ‘‘म्हंजी पानी जातंय बी गाडीवरनं आन् येतंय बी गाडीवरनं. मग मधी आमी कशापायी राबतोय?’’

आबा शाळेत गेलेले नसतील. पण जगातल्या मोठमोठ्या विद्वानांना जी गोष्ट ध्यानात यायला विसावं शतक संपत आलं, ती त्यांनी त्या फाट्यावर बसून एका वाक्यात सांगितली. साखरेच्या पोत्यात हात घातला तर तो कोरडाच बाहेर येतो. पण ती साखर तयार व्हायला जे पाणी लागलं ते पोत्याबरोबरच गावाबाहेर गेलं. ते परत येत नाही. आज आपण या दडलेल्या पाण्याचा इतिहास पाहणार आहोत, आणि तोही आपल्याच दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यातला.

आपला हा पट्टा तुम्हांला ठाऊक आहे. सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेकडं उतरलं की पाऊस झपाट्यानं कमी होत जातो. पुरंदर, बारामती, इंदापूर, माण, सांगोला, कर्जत, पाथर्डी, आष्टी अशी ही अवर्षणाची साखळी आहे. सोलापूरला वर्षाची सरासरी बावीस इंचांच्या आसपास, आणि तीही बेभरवशाची. या मुलखाचं मूळचं पीक म्हणजे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, करडई. कमी पाण्यावर, काळ्या जमिनीच्या ओलीवर येणारी ही पिकं. आपल्या वाडवडिलांनी ती उगाच निवडलेली नव्हती.

१८७६ ते १८७८ या काळात या मुलखावर मोठा दुष्काळ कोसळला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर आणि खाली विजापूरपर्यंत पिकं करपली, गुरं मेली, माणसं गावं सोडून गेली. या दुष्काळानंतर सरकारनं आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८० साली आला. दुष्काळाला तोंड द्यायचं तर रेल्वे आणि कालवे वाढवले पाहिजेत, असं त्यातून पुढं आलं. पुण्याजवळचा खडकवासल्याचा तलाव १८७९ च्या सुमारास पुरा होतच होता. पुढं १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी भोरजवळ भाटघरचं धरण उभं राहिलं. तिकडं नगर जिल्ह्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं.

हे कालवे कशासाठी काढले होते, हे नीट लक्षात ठेवा. त्या काळच्या सरकारी भाषेत त्यांना ‘संरक्षक’ कालवे म्हणत. पावसानं दगा दिला तर ज्वारी-बाजरीला एक-दोन पाणी मिळावं, दाणा हाती लागावा, माणूस गावात टिकावा, एवढाच त्यांचा हेतू होता. थोडं पाणी पुष्कळ जमिनीवर पसरायचं, असा तो विचार होता.

पण झालं भलतंच. ज्या वर्षी पाऊस बरा होई त्या वर्षी ज्वारीवाला शेतकरी कालव्याकडं फिरकतच नसे. आभाळातून फुकट मिळतंय त्यासाठी पाणीपट्टी कोण भरणार? आणि पाऊस हुकला की सगळेच एकदम कालव्यावर धावत. तेव्हा पाणी पुरत नसे. कालव्यावर लाखो रुपये खर्च झालेले, आणि वसुली मात्र नाही. सरकारी तिजोरीला हे कसं परवडावं? तेव्हा पाण्याला कायमचं गिऱ्हाईक हवं होतं. ते गिऱ्हाईक म्हणजे ऊस. ऊस बाराही महिने पाणी मागतो, दर एकरी मोठी पट्टी देतो आणि पावसाच्या वर्षीही कालव्याशी नातं तोडत नाही.

या बागायतीत पुढं आले ते सासवडकडचे माळी बागायतदार. कष्टाळू आणि हिशोबी माणसं. त्यांनी नीरेच्या कालव्यावर कोरडवाहू शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या, पेंड आणि खत घातलं, ऊस उभा केला आणि गुऱ्हाळं घातली. गूळ पुण्याच्या पेठेत जाऊ लागला. नीरेवरून ही मंडळी पुढं गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवरही गेली. ज्या कालव्यानं ज्वारी वाचवायची, त्या कालव्याचं पाणी गुळाच्या ढेपेतून बाजाराला जायला इथंच सुरुवात झाली.

यातले धोके त्याच काळात एका माणसानं ओळखले होते. ते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्या वेळी ते मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते आणि पुण्याकडच्या कालव्यांचं काम पाहत होते. त्यांनी पाहिलं की कालव्याच्या तोंडाशी असलेले लोक उसाला मनमुराद पाणी पाजताहेत, जमिनी चिबड होताहेत, हिवताप वाढतो आहे आणि शेपटाकडच्या गावांना पाणीच पोचत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नीरेच्या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे ठरावीक तुकडे पाडायचे, प्रत्येक ब्लॉकमध्ये फक्त एक तृतीयांश भागावर ऊस आणि बाकीच्यावर कमी पाण्याची पिकं घ्यायची, आणि पाळीपाळीनं पिकं फिरवायची. म्हणजे ऊसही राहील आणि पाणी गावोगाव वाटलं जाईल.

ही कल्पना आपल्याकडं अगदीच नवी नव्हती. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा आणि मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली होती. नदीवर बंधारा घालायचा, त्याखालच्या जमिनीचे तीन किंवा चार फड करायचे आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. ऊस एका फडात, बाकीच्यांत इतर पिकं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. नदीला पाणी कमी दिसलं तर बागायतीचं क्षेत्रच त्या वर्षी आखडून घ्यायचं. पाणी किती आहे ते आधी बघायचं आणि पीक मागून ठरवायचं, हा तिथला दंडक होता. आपण मात्र पुढं हा क्रम उलटा केला. पीक आधी ठरलं आणि पाणी मागून शोधलं.

आता यातली एक गंमत ऐका. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत आपल्या देशात पांढरी साखर मोठ्या प्रमाणात बाहेरून येत असे, ती जावा बेटावरची. जावा म्हणजे पावसाचा देश. तिथल्या पावसावर वाढलेली साखर बोटीतून मुंबई बंदरात उतरायची. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर जावातलं पाणीच पोत्यांत बसून आपल्याकडं यायचं! १९३२ साली सरकारनं साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि परदेशी साखरेवर जबर जकात बसवली. देशात भराभर कारखाने निघाले. सासवडच्या माळी बागायतदारांनी त्याच दशकात अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा कारखाना उभारला. आपल्या देशाची गरज आपण भागवावी यात वावगं काहीच नव्हतं. पण ओल्या बेटावरून येणारी वस्तू आपण आता कोरड्या माळावर पिकवू लागलो, आणि हा फरक कुणी नोंदवून ठेवला नाही.

स्वातंत्र्यानंतर सहकाराचं पर्व आलं. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी एकत्र केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात तो सहकारी कारखाना सुरू झाला. पुढं गावोगाव कारखाने निघाले. त्यांच्या भोवती शाळा, महाविद्यालयं, दवाखाने आणि रस्ते आले. ज्याच्या बापानं सावकाराच्या दारात पागोटं काढून ठेवलं होतं, तो माणूस कारखान्याचा सभासद म्हणून ताठ मानेनं सभेत बोलू लागला. हे ऋण नाकारून इतिहास सांगता येणार नाही, आणि मला ते नाकारायचंही नाही.

कालव्यांचा फायदा किती झाला, हे गाडगीळांनी मोजलंही होतं. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांपासून झालेल्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी त्यांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं केली आणि ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. फायद्याची बाजू अशी शास्त्रशुद्ध मांडली गेली. पण जमेच्या पानासमोर खर्चाचं पान असतं. हंगाम संपून साखर बाहेर गेली की तिच्याबरोबर पाणी किती गेलं, हे त्या पानावर लिहायची सवय आपल्याला कधीच लागली नाही.

पुढची कहाणी तुमच्या डोळ्यांसमोर घडली आहे. १९७२ चा दुष्काळ आला. त्यानंतर विंधन विहिरी आल्या. १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं. सोलापूर जिल्हा, म्हणजे बावीस इंच पावसाचा जिल्हा, राज्यातल्या उसाच्या अग्रभागी जाऊन बसला. मराठवाड्यात मांजरा आणि तेरणेच्या खोऱ्यांत कारखाने उभे राहिले. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात दोनशेच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानं २०१० नंतरच्या आपल्या अहवालात नोंदवलं की महाराष्ट्रात पिकांखालच्या एकूण क्षेत्रापैकी चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्र उसाचं आहे, पण सिंचनाच्या पाण्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी ऊस पितो. ज्या कालव्यांचा जन्म ज्वारीसाठी झाला, त्यांची ही शंभर वर्षांनंतरची स्थिती.

आता कागद-पेन्सिल घ्या, आपण हिशोब करू. शिक्षक बंधुभगिनींनी तर हा हिशोब उद्या फळ्यावर मांडावा.

एक एकर रानावर एक इंच पाणी उभं केलं तर ते भरतं एक लाख लिटरांहून थोडं अधिक. आपण सोयीसाठी एक लाखच धरू. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत आपल्याकडं ऐंशी ते शंभर इंच पाणी लागतं. आपण कमीतला कमी आकडा घेऊ, ऐंशी. म्हणजे एकरी ऐंशी लाख लिटर. यातलं वीस इंच आभाळातून पडलं असं मानू आणि ते वजा करू. उरलं साठ इंच, म्हणजे साठ लाख लिटर. हे धरणातलं किंवा विहिरीतलं.

आता उत्पन्न. एकरी चाळीस टन ऊस धरू. साखरेचा उतारा शेकडा दहा धरला तर चाळीस टन उसाची साखर झाली चार टन, म्हणजे चार हजार किलो. साठ लाखांना चार हजारांनी भागा. उत्तर येतं दीड हजार. एक किलो साखरेमागं धरण-विहिरीतलं दीड हजार लिटर पाणी!

पन्नास किलोच्या एका पोत्याला झालं पंचाहत्तर हजार लिटर. खेड्यातल्या माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर पाणी मिळावं असं सरकारी माप आहे. त्या मापानं पाच माणसांच्या घराला हे एका पोत्याचं पाणी जवळजवळ नऊ महिने पुरतं. दहा टन साखर भरलेला एक ट्रक घ्या. त्याच्यामागं दीड कोटी लिटर. टँकर दहा हजार लिटरचा धरला तर दीड हजार टँकर. फाट्यावरचे आबा एका टँकरकडं बघत होते. समोरून गेलेल्या एकेका ट्रकच्या मागं असे दीड हजार टँकर न दिसता चालले होते.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, पाटाचं काही पाणी झिरपून विहिरींना परत मिळतं, उसापासून मळी मिळते, चिपाडापासून वीज होते, ते धरा की.’ जरूर धरा. दीड हजाराचे हजार करा. गोष्ट बदलत नाही.

२०१६ सालचा उन्हाळा आठवा. लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं ठणठणीत पडलं होतं. शहराला पाणी द्यायला मिरजेहून रेल्वेची गाडी सोडावी लागली. एप्रिलच्या बारा तारखेला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. तिच्यात पंचवीस लाख लिटर पाणी मावे. साऱ्या देशातल्या वर्तमानपत्रांनी त्या गाडीचे फोटो छापले. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांबून पाणी आणणं हे रेल्वेच्या लोकांचं मोठंच काम होतं, यात शंका नाही.

पण आपल्या हिशोबाचं माप त्या गाडीला लावून बघा. पंचवीस लाख लिटर म्हणजे किती साखरेचं पाणी? दीड हजारांनी भागा. सोळाशे-सतराशे किलो. जेमतेम तेहेतीस पोती! पन्नास वाघिणींची एक अख्खी गाडी म्हणजे तेहेतीस पोत्यांचं पाणी. एका दहा टनी ट्रकची भरपाई करायला अशा सहा गाड्या लागतील. आणि त्याच हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांत गाळप झालं होतं. इतकंच नव्हे, देशात साखर फार झाली, भाव पडले, म्हणून त्या २०१५-१६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं कारखान्यांना निर्यातीचे कोटे ठरवून दिले होते. म्हणजे एका रुळावरून पाणी आत आणायचं आणि दुसऱ्या वाटेनं ते बाहेर लोटायचं, असा तो प्रकार होता. पुढं २०२१-२२ मध्ये देशानं सुमारे एकशे दहा लाख टन साखर बाहेर पाठवली आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. आपल्या दुष्काळी पट्ट्यातून एक लाख टन साखर जरी बाहेर गेली तरी आपल्या मापानं पाच टी. एम. सी. हून अधिक पाणी गेलं. खडकवासला धरण दोनदा भरून उरेल एवढं ते पाणी आहे.

या दडलेल्या पाण्याला जगात नाव मिळालं ते गेल्या शतकाच्या शेवटी. लंडनच्या विद्यापीठातले टोनी ॲलन नावाचे अभ्यासक अरब देशांच्या पाण्याचा अभ्यास करत होते. त्यांना कोडं पडलं की, इतकं कमी पाणी असलेले हे देश जगतात कसे? उत्तर असं मिळालं की ते धान्य बाहेरून विकत घेतात. हजार टन गहू आणला की तो पिकवायचं पाणी वाचलं. याला त्यांनी ‘आभासी पाणी’ असं नाव दिलं. या विचाराबद्दल त्यांना २००८ साली स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला. त्याच भागातल्या सौदी अरबस्ताननं मात्र उलटा प्रयोग करून पाहिला होता. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी वाळवंटाखालचं हजारो वर्षांचं साठलेलं पाणी उपसून गहू पिकवला, इतका की तो परदेशी विकू लागले. पाण्याची पातळी भराभर खाली गेली. शेवटी २००८ साली त्यांनी ठरवलं की सरकारी गहूखरेदी हळूहळू बंद करायची, आणि २०१६ पर्यंत ती थांबवली. तेलाच्या पैशात लोळणाऱ्या देशालाही हा व्यापार परवडला नाही.

मग काय, शेतमाल बाहेर पाठवूच नये? तसं मी म्हणत नाही. सगळं पाणी एका तोलाचं नसतं. वऱ्हाडचा कोरडवाहू कापूस घ्या. त्याच्या रानावर जो पाऊस पडला तोच तो पितो. तो दुसऱ्याच्या घागरीतलं काढून घेत नाही. कोल्हापूरकडचा ऊस आणि सांगोल्याचा ऊस यांतही फरक आहे, कारण पंचगंगेचं पाणी आणि माणगंगेचं पाणी यांत फरक आहे. द्राक्षाची बाग ठिबकवर उसापेक्षा कमी पाण्यात येते आणि त्या पाण्याचे पैसे जास्त करून देते. प्रश्न माल बाहेर जाण्याचा नाही. जे पाणी साठवणीचं आहे, ज्यावर खालच्या गावाचा आणि पुढच्या उन्हाळ्याचा हक्क आहे, ते पाणी फुकटाच्या भावात बाहेर जाण्याचा आहे.

आणि यात उसवाल्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणंही बरोबर नाही. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? उसाला ठरलेला भाव आहे. सगळा माल घेणारा कारखाना दारात आहे. बँक कर्ज देते. गारपीट झाली, चार दिवस पाणी चुकलं, तरी ऊस तग धरतो. उलट ज्वारी किंवा तूर पिकवली तर बाजारात न्यायच्या दिवशीच भाव गडगडलेला. बरं, पाणीपट्टीही वर्षानुवर्षं एकरावर आणि पिकावर, मापावर नाही. रात्रभर पाट वाहिला काय आणि दोन तास वाहिला काय, पट्टी तेवढीच. असं असताना माणूस उसाकडं वळला तर तो वेडा नव्हे, शहाणाच आहे. चूक त्याची नाही, आपण त्याच्या हातात दिलेल्या वहीची आहे. त्या वहीत पाण्याचा रकाना नाही. मग त्या रकान्यातली रक्कम कोण भरतं? ती भरतो कालव्याच्या शेपटाकडचा कोरडवाहू शेतकरी, ज्याच्या चारीला पाणी येतच नाही. ती भरतो विहीर आटलेला अल्पभूधारक. आणि सगळ्यांत जास्त भरते ती डोक्यावर दोन हंडे घेऊन दोन मैल चालणारी बाई.

हे ओळखलेली माणसं आपल्याकडं झाली आहेत. १९७९ साली वि. म. दांडेकर, देऊस्कर आणि दत्ता देशमुख यांच्या समितीनं आठमाही पाणीवाटपाचा विचार मांडला. कालव्याचं पाणी बारमाही पिकांना न देता खरीप आणि रब्बी असं आठ महिने द्यावं, म्हणजे ते पुष्कळ लोकांना पुरेल, असा त्यांचा आग्रह होता. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मानानं नाही, माणसांच्या मानानं वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि घरटी अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, गावात पाणी किती आहे, पिण्याला किती ठेवायचं, हे आधी ठरतं आणि मग पिकं ठरतात. म्हणजे पांझरेकाठचा तो जुना दंडक पुन्हा जागा झाला.

ठिबक सिंचनानं उसाचं पाणी बरंच वाचतं, हेही खरं आहे. पण वाचलेलं पाणी जर आणखी चार एकर ऊस लावायलाच वापरलं, तर तहानलेल्या गावाला त्यातलं काय मिळणार? तीच गोष्ट उसाच्या इथेनॉलची. साखर केली काय आणि मोटारीचं इंधन केलं काय, ऊस तेवढंच पाणी पिणार. यंत्राबरोबर माप हवं आणि मापाबरोबर वाटणीचा नियम हवा.

मग आपण काय करायचं? पहिलं काम असं की आपल्या गावात पाण्याचा रकाना उघडायचा. ग्रामसभेत पाऊस, धरण, विहिरी यांचा ताळेबंद दिवाळीच्या आत वाचला गेला पाहिजे. दुसरं काम सरकारकडून करून घ्यायचं आहे. ज्वारी, तूर, हरभरा यांनाही उसासारखं हमखास गिऱ्हाईक मिळालं पाहिजे. उसाचं एक एकराचं साठ इंच पाणी जर तीन-तीन इंचांच्या पाळ्यांनी दिलं, तर वीस पाळ्या होतात. हरभऱ्याला दोन-तीन पाळ्या पुरतात. म्हणजे एका एकर उसाच्या पाण्यात सात-आठ एकर हरभरा निघतो आणि तो सात-आठ घरांत निघतो. त्या हरभऱ्याला भाव मिळाला तर शेतकरी आपण होऊन उसाचा एक तुकडा सोडील. त्याला उपदेशाची गरज पडणार नाही.

आणि शिक्षकांसाठी एक गृहपाठ. आपल्या तालुक्यातून कोणता शेतमाल बाहेर जातो, त्याची मुलांकडून यादी करवा. एकरी उत्पन्न किती आणि पाण्याच्या पाळ्या किती, हे मुलांनी घरी वडिलांना आणि आजोबांना विचारून आणावं. मग आजच्यासारखा भागाकार करायचा. उत्तरं फळ्यावर लिहायची आणि गावच्या टँकरच्या फेऱ्या त्याच्या शेजारी लिहायच्या. मुलं पुढचं आपोआप विचारतील.

फाट्यावरच्या आबांची एस. टी. माझ्या आधी आली. चढताना ते म्हणाले, ‘‘गुरुजी, पोत्यावर वजन लिवत्यात, भाव लिवत्यात. पानी बी लिवा म्हनावं.’’ तेवढंच सांगायला मी आज आलो होतो.